सर्वनाम

भायखळ्याला आमच्या दोन खोल्यांत एकाच भिंतीवर दोन क्रूस होते. क्रूस हा आईचा शब्द. पप्पा म्हणायचे वधस्तंभ. आई वसईकडची कॅथलिक, पप्पा नगरकडचे प्रॉटेस्टंट. लग्न कुणाच्या देवळात लावायचं यावरून बोलणी तीनदा फिसकटली होती म्हणे. (वसईकडे चर्चला देऊळच म्हणतात. शाळेत मी 'रविवारी देवळात गेले होते' म्हटलं की बाईंना वाटायचं मी थाप मारतेय.)

आईचा क्रूस पितळेचा, वीतभर, माहेरून आलेला. त्यावर येशू होता. फासळ्या मोजून घ्याव्यात असा वाळलेला, मान एका बाजूला पडलेली. पप्पांचा वधस्तंभ रिकामा. छापखान्यातली एक जुनी केस, म्हणजे अक्षरं ठेवायची खणांची लाकडी पेटी, मोडीत निघाली, तिच्या दोन पट्ट्या त्यांनी घरी आणल्या, मधोमध खाच पाडून एकीत एक बसवल्या आणि भिंतीला लावल्या. त्या लाकडाला शाईचा आणि रॉकेलचा वास होता. पावसाळ्यात तो परत उठायचा.

"तुमचा रिकामा का?" असं आईच्या माहेरचं कुणी विचारलं की पप्पा शांतपणे म्हणायचे, "तो मेलेल्यांतून उठलाय ना." त्यावर आतून भाकरी थापता थापता आई म्हणायची, "उठला तो रविवारी. आज वार कुठला?"

पप्पा कंपोझिटर होते. गिरगावातल्या एका छापखान्यात सव्वीस वर्षं उभं राहून त्यांनी खिळे जुळवले. आता ही कामं गेली, म्हणून सांगते. शिशाची एकेक अक्षरं, काना, मात्रा, वेलांटी, सगळं वेगवेगळ्या खणांत. डाव्या हातात स्टिक, म्हणजे ओळ जुळवायची पट्टी, उजवा हात केसवर, डोळे हस्तलिखितावर. ओळ उलटी वाचायची. छपाई झाली की तेच खिळे सोडून परत आपापल्या खणात टाकायचे. त्या एकेका अक्षराला मराठीत खिळा म्हणतात, आणि आमच्या बायबलात येशूला वधस्तंभावर 'खिळलं' असं आहे. लहानपणी मला हे दोन खिळे एकच वाटायचे. पप्पाच त्याला रोज खिळून येतात आणि संध्याकाळी साबणाने हात धुतात, असं काहीतरी.

या गोष्टीला मुंबईत एक जुना धागाही आहे. गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट हे अमेरिकन मिशनरी 1813 मध्ये मुंबईत उतरले आणि पुढे काही वर्षांतच त्यांच्या मिशनचा छापखाना उभा राहिला. त्या छापखान्यात टॉमस ग्रॅहमने देवनागरीचे सुबक ठसे घडवले. निर्णयसागर छापखाना काढणारे जावजी दादाजी लहान वयात तिथेच कामाला लागले होते. म्हणजे ज्या हातांनी पुढे इतके संस्कृत ग्रंथ छापले, ते हात बायबलाच्या अक्षरांवर तयार झाले. पप्पांना याचा फार अभिमान. पाहुण्यांना एकदा तरी ऐकवायचेच.

वधस्तंभ हा शब्द जुळवायला अवघड नाही, ते म्हणायचे, पण वाचायला जड आहे. वध करण्याचा खांब. क्रूस ऐकताना गळ्यातली साखळी डोळ्यापुढे येते. वधस्तंभ म्हटलं की फाशीचा तख्ता. मला वाटतं, निदान या एका शब्दापुरते आमचे जुने भाषांतरकार प्रामाणिक होते. तो खांब कशासाठी आहे हे त्यांनी शब्दातच लिहून ठेवलं.

आता जे सांगायचं ते.

18 जानेवारी 1982 ला गिरण्यांचा संप सुरू झाला. दत्ता सामंतांचा. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर आले आणि त्यातले बरेच परत आत गेलेच नाहीत. पप्पांचे एक मित्र होते, आमचे काका, ते त्यातलेच. दोन वर्षं त्यांनी हातातलं, अंगावरचं, भांड्यांतलं सगळं मोडून खाल्लं. 1984 मध्ये वडापावची गाडी टाकायची म्हणून एका पतपेढीतून आठ हजार काढले. पप्पा तिथे सभासद, म्हणून जामीनदार. दुसरा जामीनदारही होता, पण वेळ आल्यावर त्याने हात वर केले. गाडी चार महिने चालली. पाचव्या महिन्यात काकांच्या खोलीला कुलूप. कुणी म्हणे गावी गेले, कुणी म्हणे सुरतेला.

दरमहा दीडशे रुपये, सात वर्षं. पप्पांचा पगार तेव्हा नऊशेच्या आत होता.

दीडशे रुपये म्हणजे काय ते मी सांगू शकते. आईच्या पाटल्या गेल्या. भावाचा चष्मा एक काडी तुटलेली, दोऱ्याने बांधलेला, सहा महिने चालला. शाळेची सहल रायगडला गेली आणि मी घरी ताप आल्याचं सोंग केलं, कारण पैसे नाहीत हे सांगण्यापेक्षा ताप सोपा. नाताळला आईने करंज्या केल्या, पण सारण इतकं कमी की हलवली तर खुळखुळा वाजावा. त्यावर आम्ही हसलोसुद्धा. आई नव्हती हसली.

आणि पप्पा काकांचं नाव घरात घेईनासे झाले. रागाने नव्हे. आई बोलायला लागली की ते उठून गॅलरीत जायचे. मला ते पळपुटेपणाचं वाटायचं.

1987 च्या उत्तम शुक्रवारी, म्हणजे गुड फ्रायडेला, मी चौदा वर्षांची होते. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, त्या दिवशी बारा ते तीन उपासना असते. येशू वधस्तंभावर असताना जी सात वाक्यं बोलला ते सात उद्गार सात जण वाटून घेतात, आणि प्रत्येक जण एकावर बोलतो. एप्रिलातली दुपार, वर पंखे, बायकांच्या हातात घडी घातलेले रुमाल. पोटात सकाळपासून काही नाही. पहिला वक्ता चाळीस मिनिटं घेतो, मग पुढच्या सगळ्यांची गाडी बिघडते. पप्पा दरवर्षी पाचवा उद्गार मागून घ्यायचे. 'मला तहान लागली आहे.' अगदी छोटा. चार मिनिटांत बोलून खाली. बायका म्हणायच्या, कंपोझिटरभाऊ जागा वाचवतात.

त्या वर्षी पाळकसाहेबांनी त्यांना पहिला दिला. आणि त्याआधी प्रास्ताविकात स्वतः जामिनावर बोलले. बायबलातल्या इब्री लोकांस पत्रात येशूला एका अधिक चांगल्या कराराचा जामीन म्हटलं आहे, शब्द अगदी तोच. पाळकसाहेब म्हणाले, कर्ज एकाचं आणि फेडतो दुसरा, हाच वधस्तंभाचा अर्थ, आणि आपल्या मंडळीतही असा एक बंधू आहे. नाव घेतलं नाही. पण नाव घ्यायची गरज नव्हती. सगळ्या माना आमच्या बाकाकडे वळल्या. पप्पांचे कान लाल झाले. माझी छाती मात्र भरून आली, खोटं कशाला सांगू. तीन वर्षांत पहिल्यांदा त्या दीडशे रुपयांचं काहीतरी मिळाल्यासारखं वाटलं.

मग पप्पा उभे राहिले. 'हे बापा, त्यांना क्षमा कर. कारण ते काय करतात हे त्यांना समजत नाही.' वाक्य वाचलं. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "मी वाक्यं जुळवणारा माणूस. मला यात एकच दिसतं. इथे नाव नाही. पिलात होता, कयफा होता, पळून गेलेले शिष्य होते. नावं त्याला ठाऊक होती. त्याने घातली नाहीत. 'त्यांना' म्हणाला. सर्वनाम." आणि बसले. मिनिटसुद्धा झालं नसेल.

मी चिडले. घरी येताना भर रस्त्यात म्हटलं, "काकांना चांगलं समजत होतं ते काय करतायत." पप्पा म्हणाले, "चल, पाऊल उचल, आईला उपास आहे."

ती जामिनाची उपमा मला नंतर बरीच वर्षं छळत राहिली. उपमा काही पाळकसाहेबांची नव्हती. 11व्या शतकाच्या शेवटी इंग्लंडमधल्या कँटरबरीच्या आर्चबिशप अँसेल्मने ती मांडणी पक्की केली: माणसाने देवाचा मान राखला नाही, ते ऋण इतकं मोठं की माणसाला फिटणारं नाही, आणि फेडायला तर माणसानेच हवं, म्हणून देवच माणूस झाला आणि फेडलं. हिशेब चोख. पण संडे स्कूलला मी विचारलं होतं की मग सावकार कोण? देवच सावकार, देवच जामीन, तर वही फाडून टाकायला काय हरकत होती? पोराला का मारलं? शिकवणाऱ्या ताईंनी मला योहान 3:16 पाठ करायला लावलं. 'देवाने जगावर एवढी प्रीती केली की त्याने आपला एकुलता एक पुत्र दिला.' ते मला आधीच पाठ होतं. प्रश्न तिथूनच निघाला होता.

(प्रीती या शब्दावरही कधीतरी लिहायला हवं. मुंबईत हा शब्द दोनच ठिकाणी जिवंत आहे: मराठी ख्रिस्ती देवळात आणि जुन्या सिनेमाच्या गाण्यांत. प्रेम म्हटलं की सगळ्यांना कळतं, पण मंडळीतल्या म्हाताऱ्या 'देवाची प्रीती' म्हणतात तेव्हा त्यात भाकरीसारखं काहीतरी असतं.)

अँसेल्मनंतर काही दशकांनी पॅरिसचा तत्त्वज्ञ अबेलार म्हणाला की वधस्तंभ ही कर्जफेड नाही; तिथे देवाची प्रीती इतकी उघडी दिसते की बघणाऱ्याचं मन वळतं. हे मला जास्त पटावं असं आहे, आणि तरी पुरेसं पटत नाही. आमच्या घरात पप्पांची प्रीती रोज दिसत होती. माझं मन काही वळलं नव्हतं. मला पाटल्या दिसत होत्या.

1989 मधला प्रसंग. भायखळा स्टेशन, संध्याकाळची वेळ. पप्पा आणि मी दादरला निघालो होतो. गाडी लागली, माणसं उतरली, आणि त्यांत काका. वाळलेले, दाढी वाढलेली, हातात रेक्झिनची पिशवी. मी पप्पांची बाही ओढली. पप्पांनी पाहिलं होतंच. काकांची नजर अजून आमच्याकडे वळायची होती. पप्पा चटकन फिरले, पाठ करून इंडिकेटरकडे तोंड केलं आणि मलाही खांद्याला धरून फिरवलं. गाडी सुटली. आम्ही ज्या गाडीने जायचं ती गाडी. तिची माणसं जिन्याने वर जाईपर्यंत पप्पा इंडिकेटर वाचत उभे होते, त्यावर काहीच नसताना.

"लपलात कशाला?" मी जवळजवळ ओरडले. "पळून गेले ते, आणि लपायचं तुम्ही?"

"त्याला लपावं लागलं असतं," पप्पा म्हणाले. "एवढ्या गर्दीत कुठे लपला असता?"

मला हे वाक्य कळायला पंधराएक वर्षं लागली असतील.

मी आता डीटीपी करते, पप्पांचाच धंदा, फक्त शिसं गेलं आणि पाठदुखी राहिली. कामात कधीकधी धार्मिक पुस्तकं येतात, त्यांमुळे थोडंफार वाचन होतं. त्यात वधस्तंभाची जुनी गोष्ट सापडत गेली. रोमन लोकांकडे माणूस मारायचे बरेच सोपे मार्ग होते. वधस्तंभ हा मुख्यतः गुलामांसाठी आणि बंडखोरांसाठी, आणि मुद्दाम वाहत्या रस्त्याच्या कडेला. कपडे काढून. जाणारायेणाऱ्याने बघावं, थुंकावं, टोमणे मारावेत, यासाठीच त्याची उंची. नुसतं मारायचं असतं तर एवढ्या सुतारकामाची गरज नव्हती. सिसेरो एका भाषणात म्हणतो की वधस्तंभ हा शब्दसुद्धा रोमन नागरिकाच्या कानावर पडू नये. येशूच्या डोक्यावर पाटी लावली, 'यहूद्यांचा राजा', तीही इब्री, लॅटिन आणि ग्रीक अशा तीन भाषांत. कुणी वाचायचं राहू नये. शिपायांनी खाली बसून त्याचे कपडे वाटून घेतले. चित्रांत कमरेला जे फडकं दिसतं ते चित्रकारांनी गुंडाळलेलं आहे.

रोममध्ये पॅलाटाइन टेकडीवर 1857 मध्ये भिंतीवरचं एक ओरखडलेलं चित्र सापडलं. वधस्तंभावर गाढवाच्या डोक्याचा माणूस, खाली हात वर करून उभा एक पोरगा, आणि वेड्यावाकड्या ग्रीकमध्ये मजकूर: अलेक्सामेनोस आपल्या देवाची पूजा करतोय. वधस्तंभाची जी अगदी जुनी चित्रं हाती आहेत त्यांतलं हे एक, आणि ते चेष्टेचं आहे. शाळेच्या संडासात असतं तसलं. ख्रिस्ती लोकांना स्वतः हे चित्र काढायला कितीतरी काळ धजावलं नाही. मासा काढला, मेंढपाळ काढला, जहाजाचा नांगर काढला. रोमच्या सांता साबिना देवळाच्या लाकडी दारावर साधारण 430 च्या सुमाराला तो दिसतो, तोपर्यंत ती शिक्षाच बंद होऊन शंभरेक वर्षं झाली होती. ज्यांनी ती डोळ्यांनी पाहिली होती त्यांना तिचा दागिना करता आला नाही.

इब्री लोकांस पत्रातच, त्या जामिनानंतर पाच अध्याय पुढे, येशूने लाज तुच्छ मानून वधस्तंभ सहन केला असं आहे. पैशाचं नाही, दुखण्याचंही नाही, लाजेचं म्हटलंय. आमच्या पाळकसाहेबांनी दुसरा दाखला घ्यायला हवा होता. आठ हजारांचं कर्ज पप्पांनी फेडलं, ते पतपेढीच्या वहीत आहे. पण काकांकडे पैशांहून मोठं ओझं होतं ते तोंडाचं. कुठल्या रस्त्याने जावं, कुठल्या डब्यात चढावं. ते ओझं पप्पांनी त्या प्लॅटफॉर्मवर दोन मिनिटं स्वतःकडे घेतलं, आणि बघणाऱ्याला, म्हणजे मला, पप्पाच तोंड लपवणारे दिसले. अँसेल्मपाशी आणि अबेलारपाशी मला जे सापडलं नाही ते त्या रिकाम्या इंडिकेटरखाली होतं.

लाजेचं आणि क्रुसाचं नातं आईलाही ठाऊक होतं, तिच्या पद्धतीने. माझगावला निघालो की म्हातारपाखाडीच्या बाजूने ती मुद्दाम वळसा घ्यायची. त्या भागात रस्त्याच्या कडेला जुने क्रूस आहेत. गिरगावात खोताच्या वाडीत आहेत, वांद्र्याला तर गल्लीगल्लीत. त्यांतले बरेच प्लेगच्या काळातले. 1896 च्या सप्टेंबरात मांडवीला डॉक्टर व्हिएगस यांनी प्लेग ओळखला आणि बघता बघता शहर रिकामं व्हायला लागलं. शोधपथकं घरात शिरायची आणि माणूस उचलून नेतील या धास्तीने लोक आजाऱ्याला कपाटामागे, माळ्यावर लपवायचे. दुखणं म्हणजे लाज झाली होती. त्याच दिवसांत लोकांनी रोगापासून राखण म्हणून हे क्रूस उघड्यावर बांधले, आणि त्यांच्यापुढे जमून लदीन, म्हणजे सगळ्यांनी मिळून गायची प्रार्थना, म्हणायला लागले. मे महिन्यात अजून म्हणतात. त्या क्रुसावर कुणीही झेंडूचा हार घालतं, चपला काढून हात जोडतं, आणि घालणाऱ्याचा धर्म कुणी विचारत नाही. आई तिथे थांबून बोटाने पायथ्याला शिवायची, बोट ओठांना लावायची. पप्पा चार पावलं पुढे जाऊन पाठमोरे थांबायचे. प्रॉटेस्टंटांना दगडाला हात लावणं जमत नाही.

पप्पांच्या त्या सर्वनामाबद्दल एक राहिलं. अलीकडे एका कामाच्या निमित्ताने कळलं की लूकच्या शुभवर्तमानातलं ते क्षमेचं वाक्य काही अगदी जुन्या हस्तलिखितांत नाहीच. अभ्यासक ग्रीक पाठ छापताना ते दुहेरी कंसात घालतात. कुणी म्हणतं मागाहून आलं. कुणी म्हणतं मुळात होतं, पण नक्कल करणाऱ्या एखाद्या लेखनिकाला एवढी क्षमा सोसली नसेल, त्याने गाळलं. मला हा लेखनिक ओळखीचा वाटतो. चौदाव्या वर्षी माझ्या हातात स्टिक असती तर मीही ते वाक्य गाळलं असतं.

पप्पा जाऊन आता बरीच वर्षं झाली. शिवडीच्या दफनभूमीत आहेत. काकांचं पुढे काय झालं ते मला त्यांच्याकडून कधीच कळलं नाही. कळलं ते आईकडून, तेही परवाच्या पुनरुत्थानाच्या रविवारी, म्हणजे ईस्टरला. पहाटेची उपासना करून आलो होतो. बागेत मग्दालीया मरीया येशूला माळी समजते आणि तो तिला नुसतं "मरीये" म्हणतो, तेव्हा तिला कळतं, तो उतारा वाचला होता. चहा पिताना आई एकदम म्हणाली, "तुझ्या पप्पांचं ते नाव न घेणं मला कधी पटलं नाही हं."

मग सांगितलं. नव्वदच्या आसपासची गोष्ट. हप्ते चालूच होते. बाजारात कोळणीपुढे उकिडवी बसली असताना तिला पलीकडच्या टोपलीपाशी काकू दिसल्या. काकूंनीही पाहिलं. पदर डोक्यावर ओढून उठायला लागल्या.

"मग?"

"मग काय. मोठ्याने नाव घेऊन हाक मारली. सगळ्या बाजाराने ऐकावी अशी. म्हटलं, ये, बस इथे, हे बोंबील ताजे आहेत का बघ, मला कळत नाही."

"तुला कळत नाही? तू वसईची!"

"तिला काय ठाऊक."

"पैशाचं काही बोललीस?"

"पैशाचं काय बोलायचं. ती रडायलाच लागली, कोळीण म्हणते तुम्ही घेताय का जागा अडवताय. मग डोळे पुसून ती बसली भाव करायला. सात रुपयांचा वाटा पाचाला आणला बाईने. मला नसता मिळाला."